धारेवरची शिट्टी

मित्रांनो, वाजण्यासाठीच घडवलेल्या वस्तूला तीस वर्षं गप्प बसवलं, तर तिने रुसायचं नाही तर काय करायचं? मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. नाशिकला राहते. बराच काळ मी रुसूनच बसले होते, हे आधीच कबूल करते.

सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बाळाजीकाकांनी मला लेथवर घडवलं. औषधाच्या बाटलीचं बूच कोरून त्याची गोळी माझ्या पोटात घातली, लाल दोरी ओवली आणि शेजारच्या इंदिराबाईंच्या हातावर ठेवलं. इंदिराबाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि दर हिवाळ्यात मुलांना किल्ल्यांवर न्यायच्या. मला वाटलं, आता आपली चंगळ आहे.

कसली चंगळ! आपल्याकडच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. माश्या उठल्या तर पळायला जागा नसते. म्हणून बाईंचा पहिला नियम असे, की चढताना तोंड बंद. अत्तर नको, धूर नको आणि शिट्टी तर मुळीच नको. कोणी हरवलं किंवा पडलं तरच ती वाजवायची. बाई इतक्या काटेकोर, की त्यांच्या सहलीत कधी कोणी हरवलं नाही, पडलं नाही. मी आपली गळ्यात मिरवत राहिले. मुलं मला हात लावून बघायची, एकदा तरी वाजवा म्हणून मागे लागायची. बाई हसून मला ओढणीआड सारायच्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये कुकरच्या शिट्टीशेजारी येऊन पडले. तिला रोज मान मिळायचा. माझ्या तोंडात मात्र हळद जाऊन बसली.

या उन्हाळ्यात बाईंची भाची मृण्मयी आणि तिचा भाऊ सुयश वही घेऊन घरी आले. बेत बाईंचाच होता. हिमालयात एका उंचीनंतर झाडं संपतात, हे त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं, पण ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. उत्तराखंडातल्या डोंगराच्या एका उघड्या, अरुंद धारेवर एका दिवसात चढून उतरायचं आणि धारेच्या माथ्यावरून पलीकडची बर्फाची शिखरं बघायची, एवढीच त्यांची इच्छा. गुडघे अशी एकच चढाई करू देतील, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सुयश ओझरच्या कारखान्यात नोकरीला. त्याने वेळापत्रक आखलं. बाईंनी सवयीने पहिला नियम लिहिला, चालताना कोणी बोलायचं नाही. मग मृण्मयीने तिथल्या गावच्या राकेश नावाच्या वाटाड्याला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

पहिला नियम राकेशला मुळीच पटला नाही. त्याने समजावलं, की धारेखालच्या जंगलात अस्वलं आहेत. माणसाची चाहूल आधी लागली तर ती बाजूला होतात, पण वळणावर अचानक समोर आलात तर अंगावर धावतात. म्हणून बोलत चला, टाळ्या वाजवा, एकत्र राहा, चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाईंनी मला ड्रॉवरमधून काढलं आणि खुणेनेच शिट्टीचं विचारायला लावलं. मी कान टवकारले. तो म्हणाला, शिट्टी फक्त अडचणीत. घ्या, पुन्हा तेच!

त्याने आणखी एक बजावलं. धारेवर आडोसा नाही आणि दुपारी विजा येतात. साडेअकराला जिथे असाल तिथून परत फिरायचं.

बाईंनी तीस वर्षांचा आपला नियम स्वतःच्या हाताने खोडला. साडेअकराखाली दोन रेघा ओढल्या. जो मोठ्याने बोलू शकतो त्यानेच पुढे चालायचं, म्हणून आपली नेहमीची पुढची जागाही त्यांनी मृण्मयीला दिली. ते लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, हे मी पाहिलं. मृण्मयीने मला कोमट पाण्यात धुऊन, वाळवून एकदा वाजवून बघितलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून डोकावल्या.

उत्तराखंडात पोहोचल्यावर आम्ही राकेशबरोबर पहाटे निघालो. जंगलात मृण्मयी मोठमोठ्याने पाढे म्हणत होती, सुयश क्रिकेटचं धावतं वर्णन करत होता आणि बाई प्रत्येक वळणावर टाळ्या वाजवत होत्या. राकेशने अस्वलाने उकरलेला एक ओंडका दाखवला. अस्वल काही दिसलं नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं.

मग झाडं संपली. बाईंनी शेवटच्या झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गुडघ्यांमुळे चाल मंदावली. साडेअकरा वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता आणि मागून काळा ढग चढत होता. राकेशने घड्याळ पाहून बाईंकडे पाहिलं. मृण्मयी थोडी पुढे होती.

"मावशी, वीसच मिनिटं गं," ती ओरडली. "एवढ्या लांब आलीस, आता बघूनच जाऊ." आणि ती पुढे चालायला लागली.

बाई "परत" म्हणाल्या. वाऱ्यात त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या सुयशलाही ते ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मला ओठांना लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. तीनदा. मी एवढ्या जोरात वाजेन असं मलाही वाटलं नव्हतं.

मृण्मयी परत आली. तिचे डोळे भरले होते. "मी तुझ्यासाठीच चालले होते गं."

"माहीत आहे," बाई कुजबुजल्या. "म्हणून तर मला वाजवावी लागली."

आम्ही झाडांत पोहोचलो न पोहोचलो तोच वर गारा सुरू झाल्या आणि धारेवर विजा कोसळू लागल्या. मग राकेशने टाळी वाजवून सगळ्यांना जंगलात बोलत चालायची आठवण करून दिली.

मित्रांनो, मी आता रुसत नाही. मला घडवणाऱ्या बाळाजीकाकांची, धुऊन पुसून ठेवणाऱ्या मृण्मयीची आणि फोनवर खरं तेच सांगणाऱ्या राकेशची मी ऋणी आहे. तुम्हीही डोंगरात जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. माझ्यासारख्या वस्तू वाजत्या ठेवा, आणि कोणी परतीची शिट्टी दिली तर वाद न घालता वळा. ती देणाऱ्यालाही वर जायचं असतं. तीस वर्षांत मी एकदाच कामाला आले, आणि त्या वेळी बाईंनी माझ्या आवाजात स्वतःलाच परत बोलावलं.