‘त्या गेल्या’

निवडणूक जवळ आली की आमच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी वाढते. एरवी वर्षभर कागद लांब धरून निभावून नेणारी माणसे मतदारयादीचा बारीक टाइप समोर आला की हात अपुरा पडतो म्हणून आमची पायरी चढतात. मी त्यांना चष्मा देते आणि यादी जिथे लावली असेल तिथे पाठवते. स्वतःचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परत फिरायचे नाही, अशी ताकीदही देते. या कामात मी कोणाची भीड ठेवलेली नाही. मत मागायला येणाऱ्या उमेदवारालाही मी तपासणीच्या खुर्चीत बसवते आणि मागच्या वेळी दुकानापुढच्या रस्त्याबद्दल काय बोलला होतात, त्यातले काय केलेत, हे विचारते. खुर्ची उंच आहे, बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे भाषणे आपोआप आखूड होतात.

यंदाच्या राज्याच्या निवडणुकीत मात्र मला या सगळ्याचा शीण आला होता. चेहरे तेच, पक्ष तेवढे बदललेले. दुपारी दुकान शांत असताना मी सर्वांची पत्रके वाचून काढत असे. पण एक संपवून दुसरे हाती घेतले तरी आपण अजून पहिलेच वाचत आहोत असे वाटे. तरीही वाचत होते. काही न वाचता मत देणे म्हणजे नंबर न काढता चष्मा लावणे, असे मी घरात सर्वांना सांगत आले आहे, आणि दुसऱ्याला सांगितलेले स्वतः पाळायची मला सवय आहे.

कच्ची यादी जाहीर झाली त्या संध्याकाळी मी नातीला समोर बसवले.

“घरातल्या सगळ्यांची नावं बघ आणि वाचून दाखव.”

“आजी, असतीलच की. कुठे जाणारेत?”

“बघ म्हटलं ना.”

तिने मोबाइलवर बोट फिरवायला सुरुवात केली. “बाबा आहेत. आई आहे. मी आहे, माझा फोटो भयंकर आलाय. आणि... ए आजी, तू नाहीस.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. थांब, इथे वगळलेल्या नावांची वेगळी यादी आहे. हां, इथे आहेस.” तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, “रागावू नकोस हं. तुझ्या नावापुढे ‘मयत’ लिहिलंय.”

माझा मुलगा आत भिंग घासत होता. त्याने यंत्र बंद केले. “काय हे, आई? निदान घरात तरी कळवायचंस.”

त्याच्या वडिलांनाही असेच नको तिथे विनोद सुचत. मी लक्ष दिले नाही, कारण माझी नजर सूनबाईकडे गेली होती. ती काउंटरवरच्या फ्रेमी पुसत होती, आणि पुसून झालेली फ्रेम पुन्हा पुसत होती.

“सूनबाई, यादीवाले मास्तर घरी येऊन गेले होते का?”

“आले होते, आई. तुम्ही घाऊकवाल्याकडे भिंगं आणायला गेला होतात, त्या दिवशी.”

“काय विचारलं त्यांनी?”

“विचारलं, आजी कुठायत? मी म्हटलं, त्या गेल्या.”

“कुठे गेल्या ते नाही सांगितलंस?”

“तुम्हीच बजावलंय ना, की माझ्या जाण्यायेण्याचा हिशेब परक्या माणसाला द्यायचा नाही? म्हणून म्हटलं, त्या गेल्या. तेवढंच.”

“मग?”

“मग त्यांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, आज सकाळीच. ते म्हणाले, अरेरे, असं एकदम? मी म्हटलं, त्यांचं सगळं एकदमच असतं.”

नातीने तोंडावर ओढणी धरली.

“पुढे बोल.”

“ते म्हणाले, फार त्रास झाला का? मी म्हटलं, छे, चांगल्या चहा पिऊन गेल्या.” सूनबाईचा आवाज खाली गेला. “मग ते म्हणाले, भाग्यवान. मला वाटलं, या वयात तुम्ही एकट्या फिरता, म्हणून म्हणतायत.”

“तो माणूस त्रास झाला का म्हणून विचारतो, आणि तुला काही शंका येत नाही?”

“माझ्या ओठांत चष्म्याचा स्क्रू होता, आई. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. आणि दारावर येणारा प्रत्येकजण तुमची तब्येत विचारतोच.”

मी दिलेला आदेश बरोबर होता, असे माझे आजही मत आहे. बाईमाणसाने केव्हा बाहेर असावे आणि केव्हा घरात, हे गल्लीला ठाऊक असण्याचे कारण नाही. क्रियापद तेवढे चुकले. पण आमच्या भाषेत बाजारात गेलेली बाई आणि जगातून गेलेली बाई एकाच शब्दाने जातात, त्याला सूनबाई तरी काय करणार?

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचा बेकरीवाला पाव देता देता म्हणाला, “सुनेनं सासूला एका शब्दात संपवलं, भांडणसुद्धा नाही. माझ्या बायकोला तुमच्याकडे शिकवणीला पाठवतो!” सूनबाई हसली नाही. तिने पाव घेतला आणि सुटे पैसे न घेताच घरी आली. त्यानंतर ती बेकरीत जाईनाशी झाली.

मला स्वतःला मात्र दुसरीच गोष्ट लागली. एका उमेदवाराचा कार्यकर्ता यादी हातात घेऊन दुकानात आला. मी त्याला खुर्ची दाखवली. त्याने आधी यादीत बोट फिरवले आणि म्हणाला, “आजी, तुमचं नाव यात दिसत नाही.” मग त्याने पत्रक सूनबाईच्या हातात दिले, मुलाच्या हातात दिले आणि मला नमस्कार करून तो पुढच्या दुकानात गेला. नमस्कार अगदी नम्र होता. ज्या बाईला मत नाही, तिच्या प्रश्नांना त्याने उभ्याउभ्या तरी उत्तर का द्यावे? त्या दुपारी मी एकही पत्रक वाचले नाही. नाव परत लागल्याशिवाय ती वाचण्यात अर्थ नव्हता, आणि हरकत घेण्याची मुदत संपत आली होती.

नोंदणीच्या कचेरीत मी सूनबाईला बरोबर घेऊन गेले. पहिल्या खेपेस आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवले आणि वरच्यांनी खालच्या. दुसऱ्या खेपेस संबंधित कारकून प्रशिक्षणाला गेले होते. मास्तरांना विचारावे, तर ते परीक्षेच्या कामावर परगावी गेले होते. असे करता करता शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी खिडकीपुढच्या रांगेत उभी असताना माझे गुडघे असे भरून आले की पुढच्या माणसाच्या पाठीवर डोके टेकावे, असा विचार मनात येऊन गेला. मी अर्थातच ताठ उभी राहिले.

कारकून तरुण होता. त्याचा चष्मा एका बाजूने कललेला होता.

“तुमचा चष्मा वाकडा बसतोय,” मी म्हणाले. “डावी काडी सैल झालीये.”

“असू दे, आजी. नियम सरळ आहेत ना? बोला.”

मी बोलले. त्याने संगणकात पाहिले. “शेरा आहे, ‘घरातील व्यक्तीकडून माहिती’. कोणी दिली माहिती?”

“मी,” सूनबाई म्हणाली.

“मग सोपं आहे. हा नमुना. इथे सही करा. ‘मी सदर मतदाराच्या मृत्यूची खोटी माहिती दिली होती.’ नाव परत लागेल.”

सूनबाईने कागद वाचला. माझ्या घरात न वाचता सही करायची पद्धत नाही. “हे मी म्हटलेलंच नाही. मी मृत्यूबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी म्हटलं, त्या गेल्या.”

“तेच ते.”

“तेच कसं? तुम्ही जेवायला गेलात तर घरच्यांनी रडायचं का?”

रांगेतून कोणीतरी हसले. कारकुनाने कपाळ दाबले. तोही दमलेला होता. त्याच्या डब्याचे झाकण उघडे होते आणि पोळी वाळून गेली होती. “मॅडम, ‘गैरसमज झाला’ असा नमुना माझ्याकडे नाही. मी बनवू शकत नाही. दुसरा रस्ता सांगू? आजींचा नवीन मतदार म्हणून अर्ज भरा. आजच्या आज पोच देतो.”

“नवीन?” मी म्हणाले.

“हो. फक्त खाली लिहून द्यायचं, की यापूर्वी तुमचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं.”

“होतं. दर वेळी होतं. एकही निवडणूक मी चुकवलेली नाही.”

“मला मान्य आहे, आजी. संगणकाला नाही. खिडकी संध्याकाळी बंद होईल. बसून विचार करा. पुढचे या.”

आम्ही बाकावर बसलो. बाकाला पाठ नव्हती. समोर लोक येत होते, फोटो चिकटवत होते, एकमेकांचे पेन मागत होते. बऱ्याच वेळाने सूनबाई म्हणाली, “आणा तो कागद, आई. करते सही.”

“कशावर?”

“खोटी माहिती दिली म्हणून. तुमचे पाय सुजलेत. घरी जाऊ.”

“आणि उद्या कोणी विचारलं तर? सासू जिवंत असताना मेली म्हणून सांगितलं, असं तुझ्या हातचं सरकारदरबारी राहील.”

“राहू दे. बेकरीवाला बोलतोच आहे, आता सरकारही बोलेल.” तिने रुमालाने चेहरा पुसला. “मला आता वाद घालवत नाही. खरंच नाही घालवत. तुमचं मत गेलं तर तुम्ही घरात नुसत्या बसून राहाल, आणि ते मला बघवणार नाही. म्हणजे आम्हाला कोणालाच बघवणार नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ऐकवणारही नाही.”

ही शेवटची टीप तिने जोडली नसती तर मला जड गेले असते.

मी विचार केला. खोट्या वाक्याखाली कोणाची तरी सही होणार, हे ठरलेलेच होते. एक वाक्य तिला माझ्या मरणाशी बांधणार होते. दुसरे मला फक्त खोटे ठरवणार होते, आणि तेही ज्याला मी खरी आहे हे ठाऊक आहे अशा एका दमलेल्या माणसासमोर. जी मुलगी लग्न होऊन माझ्या हाताखाली आली आणि माझा प्रत्येक आदेश पाळत इथवर आली, तिने शेवटी माझा आदेश पाळल्याबद्दलच लेखी माफी मागायची, हे मला पटेना. मी उठले. उठायला तिचा खांदा धरावा लागला.

“तो दुसरा अर्ज द्या,” मी खिडकीशी म्हणाले.

“आई, नको!” सूनबाई मागून म्हणाली.

“तू गप्प बस.”

कारकुनाने अर्ज भरून घेतला आणि शेवटचे वाक्य नियमाप्रमाणे मोठ्याने वाचले. “‘माझे नाव यापूर्वी कोणत्याही मतदारयादीत समाविष्ट नव्हते.’ मान्य आहे ना, आजी?”

“नाही.”

“मग?”

“सही करते. मान्य नाही.”

“तसा रकाना नाहीये हो.”

“लिहू नका. ऐका फक्त.”

त्याने कळफलकावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मला खूप काही सांगायचे होते. कोणत्या वर्षी कडेवर तापलेले मूल घेऊन गेले, कोणत्या वर्षी दुकानाला टाळे ठोकून गेले. पण रांग मोठी होती आणि माझा दम पुरेसा नव्हता. मी एवढेच म्हणाले, “पहिलं मत दिलं त्या दिवशी यांनी दारातच सांगितलं होतं, कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते. मी आत जाऊन दुसऱ्यावर मारला. यांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. ते मत मी कुठल्या यादीतून दिलं?”

कारकुनाने कललेला चष्मा बोटाने सरळ केला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मतदान गुप्त असतं, आजी.”

“ठेवा मग गुप्त.” मी सही केली. माझी सही कधी थरथरत नाही. त्या दिवशीही थरथरली नाही. त्याने पोच दिली.

जिन्यात सूनबाईने विचारले, “वाईट वाटलं?”

“दमले,” मी म्हणाले. “वाईट उद्या वाटेल.”

“मामंजींना खरंच कळलं नाही कधी?”

“पायऱ्या बघ. पडशील.”

पुरवणी यादीत माझे नाव लागले. नातीने दाखवले, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. वर आणि खाली सगळी नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुले होती, मध्ये मी होते.

त्यानंतर काही दिवसांनी टपालाने एक छापील पत्र आले, पाकिटावर माझे नाव. एका पक्षाने नवमतदारांसाठी पाठवले होते. मी दुपारच्या वेळी डोळ्यांत औषध घालून पडले होते, म्हणून सूनबाईला वाचायला सांगितले. तिने पाकीट फोडले, घसा साफ केला आणि वाचले, “‘प्रिय युवा मैत्रिणी, आयुष्यातील तुझ्या पहिल्यावहिल्या मतासाठी...’” यापुढे तिला वाचवेना. ती स्टुलावर बसली, पत्र तोंडावर धरले आणि तिचे खांदे हलू लागले. आत माझ्या मुलाने यंत्र बंद करून विचारले, काय झाले? तिला उत्तर देता येईना. कित्येक दिवसांत तिला हसताना ऐकले नव्हते. औषध डोळ्यांबाहेर ओघळू नये म्हणून मी पापण्या मिटून घेतल्या.

“हसून घे,” मी म्हणाले. “आणि मग पुढचं वाच. रस्त्याबद्दल काय म्हणतात ते सावकाश वाच, दोनदा.”