सव्वा इंचाचा पलंग

मी एक जुना पलंग आहे, मित्रांनो, आणि हसू नका, पण माझी लांबी फक्त सव्वा इंच आहे. माझ्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही. तरी माझ्यामुळे एका मुलीची झोप गेली. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझं सगळं एकात एक होतं.

इमारत उभी राहायच्या आधी तिचं एक छोटं मॉडेल करतात, माहितीये ना? पुठ्ठ्याच्या भिंती, प्लॅस्टिकच्या खिडक्या, आत इवलंसं सामान. मला ज्यांनी केलं ते मॉडेलवाले काका डोळ्याला भिंग लावून बसायचे. त्यांनी मला एका वेगळ्याच इमारतीसाठी केलं होतं, त्या मॉडेलचं माप लहान होतं, तिथे मी सहा फुटांचाच होतो. ते काम रद्द झालं आणि मी गेलो पत्र्याच्या डबीत, दोन कपाटं आणि एका मोरीच्या नळाशेजारी. किती दिवस होतो कोण जाणे. मला आपलं वाटायचं, कधीतरी मलाही घर मिळेल.

आणि मिळालं! नवीन इमारत, नवीन मॉडेल. नकाशा एका आर्किटेक्ट बाईंचा होता. त्यांची एक सवय होती. प्रत्येक खोलीत त्या टाचणीएवढा एक माणूस उभा करायच्या. म्हणायच्या, माणूस नसला तर खोली केवढी आहे ते कळत नाही. त्यांनी पलंगही बरोबर मापाचा करून घेतला होता, दीड इंचाचा, म्हणजे खरा सहा फुटांचा.

पण घरं विकणारा जो साहेब होता ना, ऑफिसातले सगळे त्याला पाठीमागे 'मधाचं बोट' म्हणायचे, त्याला खोल्या भरल्या भरल्या दिसल्या. घर अजून बांधलेलंच नसतं, मित्रांनो, लोक मॉडेल बघूनच घेतात, मग ते ऐसपैस दिसायला नको? त्याने काकांना सांगितलं, सामान जरा बारीक करा. काका कुरकुरले, पण त्यांनी डबी उघडली. दीड इंचवाला बाहेर, मी आत. माझ्या शेजारी तो टाचणीएवढा माणूस राक्षस दिसायला लागला, म्हणून त्यालाही काढला.

आणि मी काय केलं? मी खूश झालो! खरंच सांगतो. काचेची पेटी, वर दिवे, लोक वाकून वाकून बघतायत, 'केवढी मोकळी खोली!' म्हणतायत. मी फुगून गेलो होतो.

एकदा आर्किटेक्ट बाई कसल्याशा सहीसाठी आल्या. जाता जाता वाकल्या आणि तिथेच थबकल्या. काच सरकवून त्यांनी मला चिमटीत धरून टेबलावर ठेवलं.

"हा पलंग या घरातला नाही."

"मॅडम, नकाशा पास झाला ना? मग तुमचं काम झालं. आता आमचं."

त्या बऱ्याच बोलल्या. गिऱ्हाइकाला खरी मापं सांगा, कुणाला काही विचारायचं असेल तर मला बोलवा. त्याने मान डोलावली, चहा विचारला. त्या गेल्या आणि त्याने मला उचलून परत आत ठेवलं, या वेळी गोंद लावून.

मग आला तो सुतार. कानावर पेन्सिल, बरोबर बायको आणि चाकांच्या खुर्चीत अकरा वर्षांची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती खुर्ची एका जागी गरकन फिरवायची. त्या ऑफिसातही तिने दोन गिरक्या मारल्या. भाड्याच्या घरात खुर्ची पलंगापर्यंत जायचीच नाही, आई तिला उचलून निजवायची, आणि आईची कंबर आता साथ देत नव्हती. भिंगरीला एकच हवं होतं. आपलं आपण पलंगावर जायचं.

"बाबा, माझी खुर्ची जाईल?"

सुताराने काच सरकवली, कानावरची पेन्सिल काढली, माझ्याशी धरली, माझी लांबी जिथे संपली तिथे नखाने खूण केली. मग तीच पेन्सिल माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत धरली. बरोबर निम्मी. मित्रांनो, दुसऱ्या कुणी टेप मागितला असता हो! पण याने आयुष्यभर पलंग केलेले. पलंग म्हणजे सहा फूट, हे त्याच्या हातातच बसलेलं. सहाचे निम्मे तीन.

"जाईल की गं. तीन फूट आहे. वळूनसुद्धा येशील."

आई म्हणाली, ज्यांनी नकाशा काढलाय त्यांना एकदा विचारू या का? तर मधाचं बोट हसून म्हणालं, "वहिनी, हे स्वतः सुतार. यांना माप कोण शिकवणार?"

सुतार लाजला. आणि सही केली. मी ओरडत होतो, मी पाच फुटांचा आहे, पाच फुटांचा! पण लाकडाला कोण ऐकतं?

दोन वर्षांनी, घराचा ताबा मिळाल्यावर, तो परत आला, एकटाच. मधाचं बोट तोवर दुसऱ्या कंपनीत गेलं होतं. ऑफिस आवरत होते, माझी काच फुटली होती, कुणीतरी आमच्या गच्चीवर पाण्याची बाटली ठेवली होती. सुताराने खिशातून टेप काढला आणि या वेळी मला मोजलं. एकदा. परत एकदा. मग खाली बसला. टेबलामागच्या मुलीने हळूच कराराचा कागद दाखवला, त्यावर बारीक अक्षरात होतं, सामान केवळ शोभेसाठी. त्याने वाद घातला नाही. गोंदातून मला उपटलं आणि खिशात टाकलं.

तर आता मी त्या घरात आहे, खिडकीच्या कट्ट्यावर. इथलं सगळं मला दिसतं. त्याने हौसेने केलेला सहा फुटी पलंग लावला, तर भिंतीपर्यंत उरले फक्त बावीस इंच. खुर्ची पंचवीस इंचांची.

आईने नंबर शोधून आर्किटेक्ट बाईंना बोलावलं. त्या लगेच आल्या, जमिनीवर बसून त्यांनी सगळी खोली मोजली. भिंत हलवता येईल का, तर नाही, तिच्यावर वरचे सगळे मजले उभे. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"याला मी बाहेर काढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग घेऊन का नाही गेलात?" आईने विचारलं.

बाईंनी टेप गुंडाळला आणि मला उचलून उलटसुलट करून बघितलं. 

दुसऱ्या दिवशी सुताराने मला समोर ठेवलं, माझी मापं फळीवर उतरवली आणि स्वतःच्या हाताने केलेला पलंग करवतीने कापला. पायथा दाराच्या वाटेत येत होता म्हणून लांबीत एक फूट, बाजूने खुर्ची जावी म्हणून रुंदीत आठ इंच. माझ्यासारखाच करून टाकला. भिंगरीने फळीचं दुसरं टोक धरलं होतं. 

आता खुर्ची आत जाते. सरळ जाते आणि उलटी बाहेर येते, वळत नाही. भिंगरी आपली आपण पलंगावर जाते, पहिल्या दिवशी तर ती टाळ्या वाजवत होती. पण ती आता तेरा वर्षांची आहे. काल तिची टाच पायथ्याच्या फळीला लागली. तिने गुडघे जरा पोटाशी घेतले आणि बाबांना सांगितलं नाही. मी बघितलं.

मित्रांनो, घर बघायला गेलात ना, तर माझ्यासारख्यांवर विश्वास ठेवू नका. आम्ही छान दिसतो, बस. टेप न्या, आणि ज्याने ते घर आखलं त्याला गाठा, तो समोर नसला तरी शोधून काढा. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी घरं आखणार असेल, तर चुकीचा पलंग नुसता टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. खिशात घालून न्या.

ती अजून चार बोटं वाढेल. मी तेवढाच राहणार आहे.