खिशातलं घड्याळ

“बस हं इथे, आलेच मी,” असं म्हणून ताईनं मनगटावरचं घड्याळ काढलं, झग्याच्या खिशात टाकलं आणि ती त्या म्हातारीच्या खोलीत शिरली.

तिचं ‘आलेच’ म्हणजे किती वेळ, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. परदेशातल्या या इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसायचं, प्रार्थना म्हणायची, मरणाऱ्याचा हात धरायचा, हे तिचं काम. नन होऊन व्रत घेतल्यापासून उभा जन्म तिनं यातच घातला. पुण्याचं काम आहे, कोण नाही म्हणतंय! पण मी सख्खी धाकटी बहीण, समुद्र ओलांडून आलेली, आणि बसलेय कुठे, तर प्लास्टिकच्या खुर्चीवर, फिनेलचा वास घेत. आणि ती म्हातारी, ना ओळख ना पाळख, ऐटीत माझ्या बहिणीकडून केस विंचरून घेत होती. दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं मेलं.

आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे केस मीच विंचरायचे. रोज. आणि आई रोज म्हणायची, “थोरलीचा हात हलका गं.” थोरलीचा हात तिच्या केसांना लागून युग लोटलं होतं, पण हलका तोच! मी आपली गुंता सोडवत बसायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

तरीही मी तिला न्यायला आले होते. सरळच सांगते, मला ती हवी होती. नवरा गेला, मुलं आपापल्या वाटेनं गेली. तिच्या मठाच्या प्रमुख मदरनीही परवानगी दिली होती, “वय झालं, हवं तर बहिणीकडे जाऊन राहा.” मी मागची खोली रंगवून घेतली, खिडकीशी खाट लावली. ताई मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना.

काल मी विचारलंच होतं, “आत जाताना घड्याळ का गं काढतेस?”

“आजारी माणसाचं लक्ष आपल्या मनगटाकडे असतं. त्याला वाटतं, हिला जायचंय. जी भेट पुन्हा होईल की नाही ठाऊक नाही, तिथे कशाला ते घड्याळ?”

“आणि माझ्याशी फोनवर ‘ठेवते गं, उशीर होतोय’ म्हणतेस ते?”

“तू काय, उद्याही असतेसच की!” ती हसत म्हणाली होती. रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं.

इतक्यात लिफ्ट उघडली आणि एक बाई हातात प्रवासाची बॅग घेऊन धावतच त्या खोलीत गेली. म्हातारीची मुलगी. ताई चटकन उठली, कंगवा लेकीच्या हातात दिला आणि बाहेर आली. म्हातारीनं वळून पाहिलंसुद्धा नाही. ‘बरी जिरली,’ माझ्या मनात आलंच.

ताईनं घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं आणि काचेतून आत बघत उभी राहिली. तिचा तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आल्यापासून त्याच काचेसमोर मी तोच चेहरा करून बसले होते.

“ताई, जळतेस?”

“जळते,” ती म्हणाली. “येणाऱ्या प्रत्येक लेकीवर जळते. आणि तुझ्यावर तर आई गेल्यापासून.”

“माझ्यावर? अगं, शेवटपर्यंत ती तुझाच जप करत होती!”

“पण जवळ तू होतीस ना.”

एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि इकडे ही!

“मग चल ना घरी,” मी म्हणाले. “खोली तयार आहे. आपण दोघीच राहू.”

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आतून म्हातारीच्या हसण्याचा आवाज आला.

“आईचं सांग मला,” ताई म्हणाली. “शेवटच्या दिवसाचं. अगदी सकाळपासून सांग.” आणि तिनं घड्याळ काढून खिशात टाकलं.

मी चटकन तिचं मोकळं मनगट धरलं.

“राहू दे की हातात,” मी म्हणाले. “उद्या आहे मी. परवाही आहे.”

तिनं ऐकलं नाही. माझा हात आपल्या हातात घेतला आणि वाट बघत बसली. आईचं खरं होतं. हात हलका होता.