लाथेने हवा मोजणाऱ्याचा टायर

मी एक जुना टायर आहे, आणि माझा मालक डेलमार याचा मला मनापासून राग येतो. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात त्याच्या घरी गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्याचा मागचा डावा टायर मी होतो. नवा होतो तेव्हा शेजारी म्हणायचे, "वा, काय पकड आहे रे याची!" पुढे माझ्या व्हॉल्व्हची टोपी हरवली, डेलमारने नवी लावली नाही. मला उन्हात ठेवून त्याने माझ्या अंगाला भेगा पाडल्या.

हवा मात्र तो रोज तपासायचा. म्हणजे बुटाने एक लाथ घालायचा! इकडे सगळ्यांची हीच रीत. आमच्यासारख्या छोट्या टायरला हवा कमी लागते, पण आमच्या कडा जाड असतात. हवा निम्मी उतरली तरी लाथेला आम्ही टणकच लागतो. हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पाहुणे यायचे होते. डेलमार सॉसेज भाजत होता, म्हणून त्याची बायको अर्लीन गवत कापायला निघाली.

"अरे, डावीकडे कलतोय हा. हवा मोज ना जरा."

डेलमारने मला लाथ घातली. "दगड आहे नुसता! बस बिनधास्त."

"तुझा बूट म्हणजे काय मीटर आहे?"

"अगं, पाहुणे दारात येतील. उगाच फाटे फोडू नकोस!"

ती बसली. रस्त्याकडेच्या उतारावर सगळा भार माझ्यावर आला. मी चाकाची लोखंडी रिंग धरून ठेवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण पोटात हवाच नव्हती. मी रिंगवरून निसटलो, ट्रॅक्टर उलटला आणि अर्लीनच्या खुब्याचं हाड मोडलं.

पाहुण्यांना डेलमार म्हणाला, "टायरच फालतू निघाला!"

नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय!

आता त्याने मला पांढरा रंग फासून अंगणात आडवा टाकलाय. माझ्या पोटात माती आहे आणि मातीत पिटुनियाची फुलं. येणारे-जाणारे कौतुक करतात. मला ते कौतुक नको.

मित्रांनो, टायर थंड असताना मीटर लावून हवा बघा, आणि माणूस बसायच्या आधी बघा. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. अर्लीन रोज मला पाणी घालायला येते. झारी एका हातात असते, दुसरा हात वॉकरवरून काढता येत नाही.