घुमटाला घातलेला सिमेंटचा रेनकोट

मी चौकातल्या वाचनालयावरचा जुना घुमट. वय विचारू नका मित्रांनो. माझ्या जन्माचे कागद वाळवीने केव्हाच वाचून संपवले आहेत.

मला विटा-चुन्यात बांधले. गवंड्यांनी मधोमध खुंटी रोवली, तिला दोरी बांधली आणि एकेक वीट त्या दोरीने मापून बसवली. खांब नाही, तुळई नाही. विटा एकमेकींवर रेलून उभ्या आहेत. एकत्र कुटुंबासारखेच, मधूनच कुणी उठून जायचे नाही, एवढाच नियम.

आधी माझ्याखाली सार्वजनिक स्नानगृह होते. वाफेचे पाणी माझ्या गोलाईवरून भिंतीकडे ओघळायचे. कुणाच्या टाळूवर गार थेंब पडत नसे. मग धान्याचे कोठार झालो. मग न्यायालय आले, पण टिकले नाही. या भिंतीशी वकील अशिलाच्या कानात जे सांगे, ते त्या भिंतीशी बसलेल्या न्यायाधीशांना स्वच्छ ऐकू जाई.

माझे भाऊबंद जगभर आहेत. कुणाखाली प्रार्थना चालते, कुणाखाली राजे कायमचे झोपलेत, कुणी पोटात दुर्बीण बाळगून तारे बघतो. बर्फाचा एक चुलतभाऊ शिकाऱ्याच्या बिऱ्हाडाला ऊब देतो आणि ऊन वाढले की तक्रार न करता विरघळतो. घराण्यात खरा विरक्त तोच.

माझ्या नशिबी शेवटी वाचनालय आले आणि मी सुखावलो. पण नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांनी प्रेमापोटी माझ्यावर सिमेंटचा जाड थर चढवला. चुन्यातून ओल बाहेर जाते; सिमेंटने ती आतच कोंडली. तीन वर्षांत माझे पोपडे वाचकांच्या डोक्यावर पडू लागले.

साहेब म्हणाले, "म्हातारा झालाय. पाडून सपाट स्लॅब टाकू."

ग्रंथपालबाईंनी आपल्या काकांना बोलावले. काका निवृत्त गवंडी. त्यांनी मला टकटक करून पाहिले.

"हे सिमेंट कुणी लावलं?"

"मीच. पक्कं काम आहे."

"पक्कंच आहे हो! भर उन्हाळ्यात सासऱ्याला रेनकोट घातलात आणि वरून बटणं शिवून टाकलीत."

बाईंनी हसू दाबले. "काका, वाचेल ना हा?"

"तू पुस्तकं हलवू नकोस. साहेब, कोरडे दोन महिने द्या. नाही सुकला, तर पहिला घण मीच घालतो."

काकांनी छिन्नीने सिमेंट उतरवले आणि चुन्याचा पातळ हात दिला. दोन महिन्यांनी साहेब शिडी चढून आले. त्यांनी माझ्या पोटावर तळहात दाबला. खाली बाई शिडी घट्ट धरून उभ्या होत्या. साहेबांनी हात उलटसुलट करून पाहिला. कोरडा ठणठणीत! खिशातला पाडकामाचा आदेश त्यांनी तिथेच, शिडीवर उभ्या उभ्या फाडला.

मित्रांनो, जुन्यांची काळजी जरूर घ्या. फक्त आधी त्यांना काय मानवते ते विचारा. आम्ही दुर्लक्ष सोसतो. न विचारता केलेली सेवा मात्र बाधते.

शिडी उतरताच साहेब काकांना हळूच म्हणाले, "काका, माझ्या वडिलांच्या जुन्या घरालाही मीच सिमेंट लावलंय. उद्या सकाळी येता का?"