चुलीमागचा भाडेकरू

विहिरीपाशी आक्काचा पाय घसरला, तेवढं निमित्त लेकाला पुरलं. त्याने तिला बेटावरून उचलून शहरात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं, घराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. आक्काने येताना फक्त अर्धवट विणलेलं मासेमारीचं जाळं आणलं होतं. इथे तिला काही गोड लागेना. दर दोन-तीन दिवसांनी एक अंडं तेवढं मागून घ्यायची. तेही कच्चं, आणि खोलीचं दार लावून.

अठराव्या दिवशी सुनेने झाडताना जाळ्याचं गाठोडं ओढलं आणि आतून मनगटाएवढा साप बाहेर आला. सून थेट जेवणाच्या टेबलावर.

"उतर गं बाई, टेबल मोडेल," आक्का म्हणाली. "अंडी चोरतो, बाकी काही येत नाही त्याला."

पिवळ्या हनुवटीचा हा साप जगात फक्त त्या बेटावर होता. लेकाने घाईघाईने वनखात्याच्या कारकुनाला बोलावलं. त्याने पुस्तक उघडून निकाल दिला, "ही जात बेटाबाहेर सापडत नाही. म्हणजे हा तो नव्हे."

"मग तुम्हीच विचारा त्याला, बाबा रे, तू कोण?" आक्का म्हणाली.

सापाने हनुवटी वर केली. कारकून दोन पावलं मागे सरकला आणि त्याचं मत बदललं. "तोच आहे. मग नियमाप्रमाणे त्याच्याच बिळापाशी सोडावा लागेल. बीळ कुठे आहे?"

"माझ्या चुलीमागे. पण चूल गार असली की तिथे राहत नाही तो."

"दुर्मिळ जात आहे. चूल पेटती ठेवावी लागेल," कारकुनाने लिहून घेतलं. "कोण ठेवणार?"

लेक म्हणाला, "अहो, पण तिचा पाय..."

"अहो, द्या ना ती किल्ली!" टेबलावरून सून ओरडली.

"विहिरीला कठडा बांधतो आधी," लेक पुटपुटला आणि त्याने खिशात हात घातला.

साप डब्यात गेला. आक्का डबा काखेत धरून, कठडा पकडत जिना उतरू लागली. मागून लेकाने विचारलं, "आई, खरं सांग, तुला माहीत होतं ना?"

"मला कच्चं अंडं कधी आवडलंय का रे?" आक्का म्हणाली. "जन्मात नाही."