सरांच्या शब्दांचा राखणदार

मित्रांनो, सिंधीपुऱ्यातल्या एका खोलीत जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेला मी एक संगणक आहे. बारा वर्षांपूर्वी निवृत्त शिक्षक अनंत सरांनी मला घरी आणले. त्यांना तापीकाठच्या बोलीचा शब्दकोश करायचा होता. केळीच्या बागांत काम करणाऱ्या बायांकडून ते शब्द टिपून आणत आणि दोन बोटांनी माझ्यात उतरवत. ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, हा माझा पहिला शब्द. किती सुखाचे दिवस होते ते!

एकदा सरांनी इंटरनेटवरून सुंदर अक्षरांचा एक फुकटचा प्रोग्राम घेतला. तो घातकी निघाला. मला काहीच कळले नाही. सांगितले ते मी चालवले. सकाळी सगळे शब्द कुलूपबंद आणि पडद्यावर पैसे मागणारी धमकी! सर खुर्चीत नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त शब्द दिलेल्या मालूबाई तोवर वारल्या होत्या. त्यांना पुन्हा कसे विचारणार?

मालूबाईंची मैत्रीण गोदाबाई मात्र भेटायला आली. म्हणाली, “मास्तर, मी शे ना आजून! लिखा परत.” ‘शे’ म्हणजे आहे.

सरांची जुनी विद्यार्थिनी ज्योत्स्ना संगणकाचे काम करायची. तिने मला धुऊनपुसून कोरे केले आणि एक यादी दिली. लिहिण्याचा, आवाज ऐकण्याचा, छपाईचा अशा मोजक्याच प्रोग्रामांची नावे तीत होती. बाकी कुणालाही मी चालू द्यायचे नाही.

“सर, वाईट कोण ते रोज ओळखत बसण्यापेक्षा ओळखीच्यांनाच आत घ्यायचं,” ती म्हणाली. “आणि शब्दांची एक प्रत वेगळी ठेवत जा.”

दोन वर्षे गोदाबाई सांगत राहिली, सर लिहीत राहिले. एके दिवशी शनवाऱ्यातल्या एका दुकानातून काही पाने छापून सर पेनड्राइव्ह घेऊन परत आले. त्यात ‘शब्दकोश’ नावाचे फोल्डर दिसले. सरांनी ते दाबले. मी नकार दिला. पुन्हा दाबले, पुन्हा नकार. सर भडकले. “माझ्याच घरात मला मनाई? काढून टाक ती यादी!” असे त्यांनी ज्योत्स्नाला फोनवर सुनावले.

ती धावत आली आणि तपासून हळूच म्हणाली, “सर, हे फोल्डर नाहीच. फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्राम आहे. यादी नसती तर आज पुन्हा सगळं कुलूपबंद झालं असतं.”

सरांनी माझ्यावरची धूळ आपल्या उपरण्याने पुसली. तेवढे कौतुक मला जन्मभर पुरले.

शब्दकोश छापून झाला. मालूबाईंचे कितीतरी शब्द त्यात नाहीत, याची हळहळ मला अजून वाटते.

आता सरांकडे नवा संगणक आहे. उद्या मी भंगारात जाईन. त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, अनोळखी प्रोग्रामला ‘हो’ म्हणण्याआधी जरा थांबा, जाणत्याला विचारा. आम्हाला भलेबुरे कळत नाही. तुम्ही ज्याला आत घ्याल, त्याचेच आम्ही ऐकतो.